डोळे आणि तारण

आमच्या ज्येष्ठ मंडळींपैकी कोणाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले की महिनाभर टीव्ही बंद! मला तेव्हा हमखास दादासाहेब फाळके आठवतात.

१८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून झपाटले. रोज सिनेमे पाहायचे, घरी प्रयोग करायचे. ताणाने डोळे आजारी पडले, दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, पण माणूस काही थांबला नाही. विम्याची पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठले. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरण समजून घेतले, विल्यमसन कॅमेरा मागवला. परतल्यावर आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. मग 'राजा हरिश्चंद्र'. सरस्वतीबाईंनी त्यासाठी दागिने दिले, फिल्मला छिद्रेही पाडली. ३ मे १९१३ रोजी चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

तारणाची प्रकरणे तपासण्यात माझी नोकरी गेली. खरे सांगतो, हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी नामंजूरच केले असते. पण पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या कित्येक वहिनींनीही दागिने मोडूनच या पिंपरीतल्या घरांचे हप्ते भरले ना!