जोतीरावांनी वाचलेली अमेरिका

दरवर्षी ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाड्यावर, म्हणजे आपल्या समताभूमीवर, माणसांची रीघ लागते. हार पडतात, भाषणे होतात, घोषणांनी परिसर दुमदुमतो. आम्हीही त्या गर्दीत असतो. पण घरी परतताना एक प्रश्न दरवेळी आमच्या मनात येतो. या वाड्यातला माणूस घडला कशाने?

हा प्रश्न पुन्हा वर येण्याचे कारण वेगळेच घडले. आमच्या एका अभ्यासवर्गात एका हुशार तरुणाने विचारले की, आपल्या समाजापुढे नोकरीचा, घराचा, अत्याचाराचा प्रश्न असताना अमेरिकेचे साहित्य वाचून आपल्याला काय मिळणार? प्रश्न खोटा नव्हता. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी पैसे पुरत नाहीत, तिथे कादंबऱ्या कोण घेणार? त्याला आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. तो माणूस म्हणजे बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले ते क्रांतिबा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. आई चिमणाबाई लेकरू वर्षाचे होण्याच्या सुमारास गेली. मावस बहीण सगुणाबाई क्षीरसागर यांनी जोतीला वाढवले. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले खरे, पण माळ्याच्या पोराला अक्षर कशाला, शिकला तर शेतीला निकामी होईल, असे कान भरणारे भेटलेच. गोविंदरावांनी पोराच्या हातातली पाटी काढून खुरपे दिले. पुढे शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती यांच्या आग्रहाने एका शूद्राच्या मुलाला पुन्हा पाटी मिळाली, हे विसरता येत नाही.

इथे थोडे अमेरिकेकडे पाहू. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकत होते, त्याच काळात, १८४५ साली, फ्रेडरिक डग्लस नावाच्या पळून सुटलेल्या काळ्या गुलामाने आपले आत्मचरित्र छापले. बाल्टिमोरमध्ये तो लहान असताना मालकाची बायको त्याला अक्षरे शिकवू लागली होती. मालकाने ते थांबवले, कारण शिकलेला गुलाम गुलाम राहत नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याच क्षणी डग्लसला कळले की सुटकेची वाट कुठून जाते. मग तो चोरून शिकला. जोतीरावांनी हे पुस्तक पाहिले होते असा आमचा दावा नाही. पण बाल्टिमोरचा मालक आणि पुण्यात गोविंदरावांचे कान भरणारे यांना एकमेकांचे नावही माहीत नसताना दोघांची भीती एकच होती. गुलामाच्या हातात पुस्तक पडू नये, ही ती भीती.

जोतीरावांच्या हातात मात्र पुस्तक पडले. १८४७ साली शिक्षण संपवण्याच्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी थॉमस पेन यांचे राइट्स ऑफ मॅन वाचले. हा पेन कोण होता? इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावचा, स्त्रियांच्या कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. १७७४ साली तो अमेरिकेला गेला आणि १७७६ च्या जानेवारीत त्याने कॉमन सेन्स ही पुस्तिका लिहिली. राजा जन्माने श्रेष्ठ कसा, असा साधा सवाल त्याने सामान्य माणसाच्या भाषेत विचारला आणि वसाहतींमध्ये स्वातंत्र्याची हवा तापली. राइट्स ऑफ मॅन हे पुस्तक त्याने १७९१-९२ मध्ये इंग्लंडमध्ये लिहिले, पण त्याचा पहिला भाग अर्पण केला तो जॉर्ज वॉशिंग्टन यांना. पुस्तकाचा विषय फ्रान्सची क्रांती, छपाई लंडनची, पण त्यातला अनुभव अमेरिकेच्या लढ्यातून आलेला. म्हणूनच आम्ही त्याला अमेरिकेच्या वाङ्मयात धरतो.

त्या पुस्तकात पेनने मांडलेला एक विचार असा की, मेलेल्यांना जिवंतांवर राज्य करण्याचा अधिकार नाही. पूर्वजांनी लिहून ठेवले म्हणून पुढच्या पिढ्यांना बांधता येत नाही. प्रत्येक पिढी स्वतंत्र जन्मते आणि माणसाचे हक्क त्याला माणूस म्हणूनच मिळतात. लंडनच्या उमरावांना हा विचार झोंबला तो राजेशाहीमुळे. पुण्यात पेशवाई बुडून तीस वर्षेही झाली नव्हती. तिथल्या वीस वर्षांच्या माळ्याच्या मुलाने हा विचार वाचला तेव्हा त्याच्यापुढे कोण उभा राहिला असेल? मनू! मेलेल्या मनूचे जिवंत शूद्रांवर आणि अतिशूद्रांवर चाललेले राज्य. पेनला मनू ठाऊक नव्हता. पण पेनच्या मापाने मनू मोजता येतो, हे जोतीरावांनी ओळखले. वाचन म्हणतात ते याला.

पुढच्याच वर्षी, १८४८ मध्ये, एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीतून त्यांना शूद्र म्हणून अपमान करून हाकलण्यात आले. असे अपमान त्याआधी हजारोंनी गिळले होते. जोतीरावांनी तो गिळला नाही, कारण हा अपमान दैवाने आलेला नाही, माणसांनी रचलेल्या व्यवस्थेने आलेला आहे, हे समजण्याइतके त्यांचे वाचन झाले होते. अपमान जोतीरावांना पेटवून गेला ही गोष्ट आपण वारंवार सांगतो. त्या आगीला दिशा पुस्तकाने दिली, हेही सांगितले पाहिजे.

त्याच वर्षी मित्र सदाशिव गोवंडे यांच्यामुळे जोतीराव अहमदनगरला गेले. तिथे सिंथिया फरार या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्या शाळा पाहून ते परतले आणि १८४८ मध्येच बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीमाई शिकवायला उभ्या राहिल्या. शेण आणि दगड अंगावर घेतले, १८४९ मध्ये सासऱ्याचे घर सोडावे लागले, उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला, फातिमा शेख सोबतीला आल्या. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा सत्कार केला, तोवर मुलींच्या तीन शाळा उभ्या होत्या. १८५५ साली याच शाळांतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो छापला कुणी? अमेरिकन मिशनच्या ज्ञानोदय पत्राने. परक्या देशाचे पुस्तक वाचणाऱ्या मास्तराच्या शाळेतली पोर सात वर्षांत स्वतः लिहू लागली. वाचन कशासाठी, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही.

पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लाखो माणसे मेली आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायमची रद्द झाली. इकडे जोतीराव गप्प बसलेले नव्हते. १८६३ मध्ये त्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आणि १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक प्रसिद्ध केले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतील सज्जनांना, ज्यांनी निग्रोंच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली. प्रस्तावनेत त्यांनी अमेरिकेतील गुलाम आणि इथले शूद्र-अतिशूद्र यांना शेजारी उभे केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला.

या अर्पणपत्रिकेचे महत्त्व नीट ध्यानात घ्या, बांधवांनो. तोवर आपल्या दुःखाला इथल्या भाषेत नावे होती ती कर्म, नशीब, पूर्वजन्मीचे पाप. जोतीरावांनी त्या दुःखाला गुलामगिरी हे नाव दिले. कर्माविरुद्ध लढता येत नाही, गुलामगिरीविरुद्ध लढता येते. आणि ती कायद्याने संपवता येते, हे अमेरिकेने आठच वर्षांपूर्वी दाखवले होते. हा शब्द त्यांनी जगाकडे पाहून उचलला.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिला. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. पेनने एज ऑफ रीझनमध्ये धर्मग्रंथ बाजूला ठेवून सृष्टीलाच ईश्वराचे वचन मानले होते. जोतीरावांचा निर्मिकही कोणत्याही पोथीत आणि कोणत्याही भटाच्या ताब्यात नाही. पण पेनच्या पुस्तकात नसलेले पुष्कळ जोतीरावांच्या पुस्तकात आहे, विशेषतः स्त्री आणि पुरुष यांचा सारखा हक्क. त्यांनी उसने घेतले नाही, पुढे नेले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, आणि सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरून त्यांना अखेरचा निरोप दिला.

हीच वाट पुढे बाबासाहेबांनी धरली. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तर दिले. त्याच वर्षी आलेला हू वेअर द शूद्राज हा ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांनाच अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापली, तिचे नावही अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून आले.

मग अमेरिका म्हणजे स्वर्ग का? मुळीच नाही. जोतीरावांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केले, तिने १८७७ नंतर दक्षिणेतील काळ्यांना पुन्हा वाऱ्यावर सोडले. मतदानाचा हक्क हिरावला, शाळा वेगळ्या केल्या, झाडाला टांगून माणसे मारली. कायद्याने संपलेली गुलामगिरी समाजात कशी जिवंत राहते, हे कळायचे तर रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, टोनी मॉरिसन वाचावे लागतात. अस्पृश्यता घटनेने १९५० मध्ये नष्ट केली, तरी खैरलांजी २००६ मध्ये का घडते, हा आपला प्रश्न त्यांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. मॉरिसनबाईंना १९९३ मध्ये नोबेल मिळाले, तरी त्यांची पुस्तके अमेरिकेतल्या काही शाळांच्या कपाटांतून काढली गेली. बाल्टिमोरच्या मालकाची भीती अजून मेलेली नाही. आणि आता तर जातही विमानाने तिकडे पोहोचली आहे. २०२३ मध्ये सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. इसाबेल विल्करसन या काळ्या लेखिकेने २०२० मध्ये आपल्या देशाचा वर्णभेद समजावून सांगण्यासाठी जात हा आपला शब्द घेतला. जोतीरावांनी त्यांच्याकडून गुलामगिरी हा शब्द आणला होता. दीडशे वर्षांनी त्यांनी आपल्याकडून जात हा शब्द नेला.

डिसेंबर २०२३ मध्ये जीर्ण झालेला भिडे वाडा पाडण्यात आला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचे आहे. ते व्हायलाच हवे, त्यासाठी आपण वर्षानुवर्षे लढलो. पण आपल्या वस्त्यांतील कितीतरी विहारांत पुस्तकांचे कपाट आहे, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते कुलूप कोणत्याही मनुवाद्याने लावलेले नाही. ते आपणच लावले आहे.

त्या तरुणाला आमचे उत्तर एवढेच. नोकरीचे पुस्तक जरूर वाच, पोट आधी. पण त्याच्या शेजारी एक पुस्तक असे ठेव, जे तुझ्या दुःखाला खरे नाव देईल, मग ते बाल्टिमोरहून आलेले असो की गंज पेठेतून. येत्या २८ नोव्हेंबरला समताभूमीवर हार घेऊन जाण्याआधी प्रत्येक विहाराने ते कपाट उघडावे. जोतीरावांना तोच हार पोहोचेल.

जय जोती! जय भीम!