बगीचा सर्वांचा, निवड मोजक्यांची

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात रॅडबर्न नावाची एक वसाहत आहे. घरांचे तोंड बागेकडे, मोटारींची ये-जा मागच्या बाजूने आणि मुलांनी मोठा रस्ता न ओलांडता भुयारी वाटेने शाळेत जावे, अशी तिची रचना. ती करणाऱ्या क्लॅरेन्स स्टाइन यांचे नाव नगररचनेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. मात्र याच वसाहतीतील घरमालकांना आपले कारभारी खुल्या निवडणुकीने निवडण्याचा हक्क मिळण्यास तब्बल ८८ वर्षे लागली.

न्यू यॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे १८८२ साली जन्मलेल्या स्टाइन यांनी पॅरिसमध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९२३ मध्ये लुईस ममफोर्ड, हेन्री राइट आदींसह त्यांनी प्रादेशिक नियोजनाचा विचार करणारा गट स्थापन केला. इंग्लंडला जाऊन त्यांनी उद्याननगरीचे प्रणेते एबेनेझर हॉवर्ड यांची भेट घेतली. परतल्यावर त्यांनी व राइट यांनी न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात सनीसाइड गार्डन्स उभारले. घरांमधील अंगणे सामाईक राहावीत, यासाठी खरेदीपत्रांतच ४० वर्षांचे बंधन घालण्यात आले. मात्र महामंदीत रोजगार गेले. १९३०च्या दशकाच्या मध्यास घरमालकांनी एकजुटीने कर्जाचे हप्ते थांबवले आणि अनेकांवर घराबाहेर पडण्याची वेळ आली. १९६०च्या दशकात बंधनाची मुदत संपताच अंगणांत कुंपणे उभी राहिली.

रॅडबर्नमध्ये पहिली कुटुंबे १९२९ साली राहावयास आली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, पुढे विकासक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नियोजित नगराचा छोटासा भागच पूर्ण झाला. बागांची मालकी रॅडबर्न असोसिएशनकडे होती. घरमालकांनी वार्षिक वर्गणी द्यावी, घराच्या बाह्य स्वरूपात बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, असे नियम होते. आपल्याकडील गृहनिर्माण संस्थेत घरमालक सभासद असतो. तेथे आजी-माजी विश्वस्त हेच सभासद. त्यांनी पुढे केलेल्या उमेदवारांतूनच रहिवाशांनी निवड करायची. वसाहतीचे सौंदर्य तज्ज्ञांच्या हाती सुरक्षित राहील, हा या व्यवस्थेमागील विश्वास. पैसे देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा व कारभारी बदलण्याचा अधिकार असावा, हा विचार त्यात मागे पडला.

स्टाइन यांनी आपल्या वसाहतींच्या यशापयशाचा ताळेबंद १९५१ साली पुस्तकरूपाने मांडला. १९५६ मध्ये अमेरिकी वास्तुविशारदांच्या संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले. चंडीगडचा पहिला आराखडा करणाऱ्या अल्बर्ट मेयर यांनीही त्यांचा सल्ला घेतला होता. १९७५ साली, वयाच्या ९२व्या वर्षी स्टाइन यांचे निधन झाले.

रॅडबर्नमधील प्रश्न मात्र त्यानंतरही कायम राहिला. २००६ मध्ये काही घरमालक न्यायालयात गेले. पण निवडणुकीची पद्धत बदलली नाही. अखेर हा प्रश्न विधिमंडळात सुटला. २०१७ साली न्यू जर्सीने कायदा करून अशा वसाहतींतील प्रत्येक घरमालकाला असोसिएशनचे सभासदत्व, उमेदवारीची संधी आणि मतदानाचा हक्क दिला. या कायद्याला ‘रॅडबर्न कायदा’ म्हणूनच ओळखले जाते. उत्तम आराखड्याने शेजार घडतो, हे स्टाइन यांनी दाखवून दिले. त्या शेजाराचा कारभार कोणी करायचा, हे ठरवण्याचा हक्क मात्र रहिवाशांना स्वतःच मिळवावा लागला.