सुरतेतील दक्षिणी शिक्षक : दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना मराठी व्याकरणामुळे ठाऊक असते. ज्यांनी बाबा पदमनजींचे चरित्र वाचले आहे त्यांना ते परमहंस सभेमुळेही ठाऊक असेल. मात्र त्यांच्या आयुष्यातली सुरतेची वर्षे फारशी कोणी सांगत नाही. पुढे मुंबईत जे घडले त्याचा आरंभ सुरतेत झाला असे आमचे मत आहे, म्हणून या लेखात आम्ही त्या शहरातच अधिक वेळ थांबणार आहोत.

दादोबांचा जन्म 9 मे 1814 रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे. भास्कर आणि आत्माराम हे त्यांचे धाकटे भाऊ. तिघेही भाऊ बुद्धीने तल्लख आणि नव्या इंग्रजी शिक्षणात वाढलेले. 1836 साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले. त्यानंतर त्यांनी माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाला शिकवण्याचे काम केले, मग मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत काही काळ शिकवले, आणि 1840 नंतर लवकरच ते सरकारी इंग्रजी शाळेचे शिक्षक म्हणून सुरतेस गेले.

मुंबई ते सुरत हे अंतर आज आपण गाडीत बसून काही तासांत तोडतो. तेव्हा रेल्वे नव्हती. तो मार्ग सलग सुरू झाला 1864 साली. त्या काळी एक तर जहाजाने तापीच्या मुखापर्यंत जायचे, नाहीतर खाड्या आणि नद्या ओलांडत खुष्कीच्या वाटेने. मुंबईतल्या माणसाला गुजराती भाषा अगदीच अपरिचित नव्हती. पारशी, वाणी, भाटिये यांच्या तोंडून ती रोज कानावर पडत असे. पण बाजारात ऐकलेली भाषा वेगळी आणि जिच्यात आपण शेजाऱ्यांशी बोलायचे, नोकराला सांगायचे, मुलांना धडा समजावायचा ती वेगळी. मराठीचे नियम बांधून देणाऱ्या माणसाला येथे स्वतःच विद्यार्थी व्हावे लागले असणार. अक्षरे ओळखीची, पण डोक्यावरची रेघ नाहीशी झालेली. आपल्याकडे शिक्षकाला पंतोजी म्हणत, तर तेथे मेहताजी. आणि महाराष्ट्रातून आलेला माणूस, मग तो कोणत्याही जातीचा असो, तेथे दक्षिणी.

या दक्षिणीपणाला सुरतेत एक जुनी आठवण चिकटलेली होती. शिवाजी महाराजांनी हे शहर 1664 मध्ये आणि पुन्हा 1670 मध्ये लुटले होते. (पहिल्या स्वारीत कपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या घराला महाराजांनी धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए यांनी नमूद केले आहे. आपल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.) पण दादोबांनी पाहिलेली सुरत ही त्या वैभवाची सुरत नव्हती. व्यापार मुंबईने ओढून नेला होता. एप्रिल 1837 मध्ये मोठी आग लागून नऊ हजारांहून अधिक घरे जळाली, आणि त्याच वर्षी तापीचा पूर आला. दादोबा आले तेव्हा त्या संकटाला चारपाच वर्षेच झाली होती. नदीकाठचा जुना किल्ला, इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या कबरींवरचे मोठमोठे घुमट आणि त्यांच्याभोवती पुन्हा उभे राहू पाहणारे शहर, असे ते दृश्य होते.

त्या शहरात ख्रिस्ती काम नवीन नव्हते. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फायवी हे मिशनरी 1815 च्या सुमारास तेथे आले होते. त्यांनी पवित्र शास्त्राचे गुजरातीत भाषांतर केले आणि छापखाना घातला. 1846 नंतर हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि गुजरातेतील आपल्या भगिनी मंडळ्या त्यातूनच वाढल्या. म्हणजे दादोबा सुरतेत शिकवीत होते तेव्हा त्याच गावात शुभवर्तमान देशी भाषेत छापलेले मिळत होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या हस्ते 1839 साली धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोघा पारशी तरुणांचा बाप्तिस्मा झाला होता, आणि त्यामुळे उठलेली खळबळ शमली नव्हती. शिकलेल्या प्रत्येक तरुणापुढे तेव्हा प्रश्न होता की खरा धर्म कोणता आणि तो कळल्यावर करायचे काय.

परक्या गावात शिक्षकाला पहिला आधार मिळतो तो दुसऱ्या शिक्षकाचा. दादोबांना दुर्गाराम मंछाराम मेहताजी भेटले. दुर्गाराम हे नागर ब्राह्मण, सरकारी गुजराती शाळेचे मुख्य. विधवांच्या पुनर्विवाहाविषयी उघड बोलणारे आणि भूतपिशाच्च, मंत्रतंत्र यांवर तुटून पडणारे. या दोघांबरोबर दिनमणिशंकर, दलपतराम व दामोदरदास असे आणखी तिघे जमले. पाचही जणांच्या नावांचे आद्याक्षर द, म्हणून गुजरातच्या इतिहासात त्यांना पाच दद्दे असेच ओळखतात. या मित्रांच्या खटपटीतून 1842 मध्ये पुस्तक प्रसारक मंडळी निघाली.

22 जून 1844 रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. तिची तत्त्वे थोडक्यात अशी : ईश्वर एक आहे, माणसांची जात एक आहे, माणसाची योग्यता जन्मावर नव्हे तर गुणांवर ठरावी, आणि भक्ती त्या एका ईश्वराचीच करावी. हे विचार दादोबांनी 1843 मध्येच धर्मविवेचन या पुस्तकात लिहून ठेवले होते. सभेत भाषणे होत, वाद होत. मंत्राने साप उतरवणाऱ्यांना आणि भूत काढणाऱ्यांना दुर्गाराम चारचौघांत आव्हान देत, की सामर्थ्य असेल तर येथे दाखवा. त्याच वर्षी सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरतेत दंगल उसळली आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. अशा तापलेल्या शहरात एका परगावच्या सरकारी शिक्षकाने जातिभेदाविरुद्ध सभेत उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

1846 साली दादोबांची मुंबईस बदली झाली. तेथे शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे काम त्यांच्याकडे आले. पुढे 1852 मध्ये दुर्गारामही राजकोटला गेले आणि सुरतेची सभा मागे पडली.

मुंबईत 1849 साली परमहंस सभा निघाली. तत्त्वे बहुतेक तीच, पण येथे सगळे गुप्त. सभासद बंद दारांआड जमत, प्रार्थना करीत, आणि जातिबंधन मोडल्याची खूण म्हणून पाव खात. सुरतेत जे भर सभेत बोलले गेले ते मुंबईत कुजबुजीत का आले? आम्हांला त्याचे कारण साधे दिसते. सुरतेत दादोबा परके होते. तेथे त्यांची जातपंचायत नव्हती, सोयरे नव्हते, मुलींची लग्ने ठरवायची नव्हती. मुंबई हे त्यांचे घर. धर्मविवेचन हे पुस्तकही पंचवीस वर्षे पडून राहिले आणि 1868 मध्ये छापले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते, एक जगद्वासी आर्य असे होते. या भित्रेपणाबद्दल आपल्या जुन्या लेखकांनी परमहंसांना पुष्कळ टोचले आहे. ते टोचणे अगदीच अन्यायाचे नाही. पण ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार सोडले त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि आज आयत्या मंडळीत जन्मलेल्या आम्ही दादोबांना फार जोरात हसू नये.

शिवाय त्या बंद खोलीतून काही माणसे बाहेरही पडली. बाबा पदमनजी त्या सभेचे सभासद होते. 1854 साली त्यांनी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया घातला. सभासदांची यादी चोरीस गेल्यावर 1860 च्या सुमारास सभा विस्कटली. दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम यांच्या घरी 1867 मध्ये प्रार्थना समाज सुरू झाला, तो मात्र उघडपणे.

दादोबा तोवर नोकरीत डेप्युटी कलेक्टर झाले होते. नगरकडे भिल्लांच्या बंडाच्या वेळी केलेल्या कामाबद्दल त्यांना रावबहादूर ही पदवी मिळाली. निवृत्तीनंतर त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली. उतारवयात ते स्वीडिश ख्रिस्ती ग्रंथकार स्वीडनबॉर्ग यांच्या ग्रंथांकडे वळले, आणि त्यांच्यावरचे आपले विचार त्यांनी इंग्रजीत लिहिले. हे पुस्तक 1878 साली लंडनमध्ये छापले गेले. शीर्षकात त्यांनी स्वतःला एक हिंदू गृहस्थ एवढेच म्हटले आहे. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही.

दुर्गाराम मेहताजी 1876 मध्ये वारले. त्यांचे चरित्र महीपतराम रूपराम यांनी गुजरातीत लिहिले, आणि सुरतेतल्या त्या सभेची हकीकत आज जी मिळते ती बरीचशी त्यातूनच. दादोबांचे देहावसान 17 ऑक्टोबर 1882 रोजी झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर पासष्ट वर्षांनी, 1947 साली, अ. का. प्रियोळकर यांनी संपादून प्रसिद्ध केले.