वसईचे संत गोन्सालो गार्सिया

मनुष्य मनुष्यास भेटला म्हणजे प्रथम त्याचे जन्मस्थान विचारतो, वर्ण पाहतो, बोली ऐकतो आणि तेवढ्यावरून हा आपला की परका हे ठरवून मोकळा होतो. हा निवाडा किती कच्चा असतो, हे आमच्या वसईच्या संताच्या चरित्रावरून उत्तम प्रकारे कळून येते.

गोन्सालो यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीतील. अशा संततीस त्या काळचे गोरे लोक पुरते आपले मानीत नसत. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले व तरुणपणीच ते जपानास जाऊन धर्मशिक्षकाचे काम करू लागले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. तथापि संघात प्रवेश मिळावा ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. हिंदुस्थानात जन्मलेल्यांस संघात घेण्यास तत्कालीन वरिष्ठ सहसा राजी नसत. सेवा घेतली गेली, पण सेवकास घरात जागा मिळाली नाही.

पुढे काही काळ व्यापार करून ते मनिला येथे गेले. तेथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस बंधू म्हणून स्वीकारिले. १५९३ साली फिलिपाइन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून पेद्रो बाप्तिस्ता जपानास गेले, तेव्हा राज्यकर्ता हिदेयोशी याच्यापुढे दुभाष्याचे काम गोन्सालो यांनीच केले. नंतर क्योतो येथे या बंधूंनी देऊळ उभारिले व महारोग्यांची शुश्रूषा केली.

१५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. हे धर्मोपदेशक परक्या राजाचे हस्तक आहेत, असा संशय बळावला आणि त्यांस धरण्यात आले. कान कापून, गावोगाव फिरवून, कडक थंडीत त्यांस नागासाकीस नेले व ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांस क्रुसावर मारिले. त्यांत ४ स्पॅनिश, १ मेक्सिकोचे, १ वसईचे आणि २० जण जपानी ख्रिस्तमंडळातील होते. या जपानी बांधवांचा जन्म तेथलाच, भाषाही तेथलीच; तरी श्रद्धेमुळे तेही स्वदेशात परके ठरले. क्रुसांच्या त्या रांगेत मात्र कोणी कोणास परका नव्हता.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या हुतात्म्यांस धन्यवादित व पोप नववे पायस यांनी १८६२ साली संत म्हणून जाहीर केले. एकेकाळी ज्यांस दाराबाहेर ठेविले, त्यांस आज आपले म्हणण्यास आम्ही सारेच पुढे येतो.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आमच्या धर्मग्रामात नवे कुटुंब राहावयास आले म्हणजे आम्हीही आधी गाव, आडनाव आणि बोलीच विचारतो. त्यांस प्रथम बाकावर जागा करून द्यावी. नावगाव मागाहून विचारता येईल.