रविवार मिळवून देणारा माणूस

रविवार म्हटला की आपल्या होस्टेलवर काय चालतं ते मी वेगळं सांगायला नको. दहापर्यंत झोप, बादलीभर कपडे, दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि रात्री मेस बंद म्हणून खेड स्टँडवर वडापाव. हा रविवार आपल्याला कुणी दिला, असं कुणी विचारलं असतं तर मी बेधडक सांगितलं असतं, इंग्रजांनी! ते अर्धंच खरं आहे. सरकारी कचेऱ्यांना सुट्टी होती, गिरणीतल्या मजुराला नव्हती. त्याला ती मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी.

मला हे नाव सापडलं ते आजीच्या पेटीमुळे. माझे पणजोबा खेड तालुक्यातून मुंबईला गेलेले चाकरमानी. गिरणीत साच्यावर होते. त्यांची अकरा पोस्टकार्डं आजीने जपून ठेवली आहेत. प्रत्येक कार्डावर तारखेशेजारी वार लिहिलेला, आणि वार एकच... रविवार. बाकीचे सहा दिवस कार्ड लिहायला उसंत नसणार, दुसरं काय!

लोखंड्यांचा जन्म 1848 चा, ठाण्याचा. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली, मग मुंबईत एका गिरणीत भांडारपाल झाले. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. गिरणीत बसून त्यांनी जे पाहिलं ते साधं होतं. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा की कामही मोठं. 1880 मध्ये त्यांनी 'दीनबंधू' पत्राची जबाबदारी घेतली आणि हे सगळं छापायला लागले. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः मुलांच्या कामापुरता होता. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल किंवा सुट्टीबद्दल त्यात काहीच नव्हतं.

1884 च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या वाचा म्हणजे गंमत कळेल : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवण, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, आदल्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार. त्याच वर्षी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी राहिली. तिला ना वर्गणी, ना सभासद नोंदणी, ना निधी. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं चूक नाही. पण सहा वर्षं हा माणूस मागे हटला नाही. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही तिथे बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि 1891 च्या कायद्यात ती आली.

पुढे 1893 च्या मुंबईच्या दंगलीनंतर सलोख्यासाठी ते फिरले. प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करता प्लेगनेच 9 फेब्रुवारी 1897 ला गेले. वय पन्नाशीच्याही आत. 2005 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

हे सगळं जुनं झालं असं वाटतंय? डिसेंबर 2025 आठवा. देशभर विमानं रद्द होत होती. वैमानिकांच्या थकव्याचा विचार करून आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली होती, रात्रीच्या कामावरही बंधनं आली होती. ती पाळायला पुरेसे वैमानिक नव्हते, आणि शेवटी काही नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. पगार लाखांत असला तरी भांडण तेच, विश्रांतीचं.

आता माझी गोष्ट. गेल्या मे महिन्यात एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. नाव नको. सलग 19 दिवस सुट्टी नाही. बरोबरच्या कंत्राटी पोरांनाही नाही. सर्टिफिकेट अडकेल या भीतीने मी तोंड उघडलं नाही. ती पोरं माझ्याकडे बघत होती, हा शिकलेला आहे, हा विचारेल म्हणून. लोखंडेही ऑफिसात बसणारे, शिकलेलेच होते. त्यांनी विचारलं. मी नाही विचारलं. हे मनातून जात नाही.

मित्रांनो, उद्या आपल्यापैकी बरेच जण सुपरवायझर होतील. कुणाला कधी सुट्टी द्यायची तो तक्ता आपणच भरणार आहोत. कॅम्पस इंटरव्ह्यूला आपण पॅकेज विचारतो. या वर्षी कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टीही विचारायची, असं मी आणि माझ्या रूम पार्टनरने ठरवलंय. स्वतःची, आणि आपल्या हाताखाली जे असतील त्यांचीही.