पेढीवरचे साधक : श्रीमद् राजचंद्र

संसाराच्या रगाड्यात मनाला शांती कुठली, असे आपण उठता-बसता म्हणत असतो. शांती ही साधूंची, वनातली, नाही तर म्हातारपणची गोष्ट, अशी एक समजूतच होऊन बसली आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा मी मुद्दाम एका व्यापाऱ्याचे चरित्र निवडले. हे गृहस्थ मुंबईत पेढीवर बसून हिऱ्यामोत्यांची उलाढाल करीत. घरी आईवडील, पत्नी, चार मुले असा भरला संसार होता. आणि तरीही महात्मा गांधींना धर्माविषयी शंका आली की ते या व्यापाऱ्याकडेच धाव घेत. त्यांचे नाव श्रीमद् राजचंद्र. गांधीजी त्यांना रायचंदभाई म्हणत.

जन्म १८६७ सालचा, कार्तिकी पौर्णिमेचा, सौराष्ट्रात मोरबीजवळच्या ववाणिया गावी. आजोबा कृष्णभक्त, आई देवबा जैन घराण्यातली. त्यामुळे घरात दोन्ही वारे वाहत होते. लहानपणी रायचंद कृष्णाच्या गोष्टी ऐके, गळ्यात कंठी बांधी. पुढे जैनांचे प्रतिक्रमणसूत्र हाती पडले आणि त्यातल्या सर्व जिवांविषयीच्या मैत्रीच्या भावनेने हा मुलगा तिकडे ओढला गेला. भाजी चिरायला बसवले तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येई, असे सांगतात. रोज दोन वेळा भाजी चिरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा अतीच वाटेल. पण काही मुले उपजतच हळवी असतात, हे आपल्यातल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

सातव्या वर्षी एक प्रसंग घडला. गावात अमीचंद नावाचे एक तरुण गृहस्थ होते. त्यांचा रायचंदवर फार जीव. त्यांना साप चावला आणि ते गेले. मुलाने आजोबांना विचारले, गेले म्हणजे काय झाले? आजोबांनी आधी टाळाटाळ केली, मग सांगितले की आता त्यांना तळ्याकाठी नेऊन जाळतील. मुलगा गुपचूप तिकडे गेला, बाभळीच्या झाडावर चढला आणि जळती चिता पाहू लागला. ज्याने काल आपल्याला उचलून घेतले त्याला हे लोक जाळतात तरी कसे, या विचाराने त्याचे मन ढवळून निघाले. त्याच वेळी त्याला पूर्वजन्माचे स्मरण झाले, असे त्यांचे अनुयायी मानतात. ते असो. मृत्यू म्हणजे काय, हा प्रश्न मात्र त्या बाभळीवरून जो त्यांच्या मागे लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

बुद्धी विलक्षण होती. सात वर्षांचा शाळेचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत संपवला. तेराव्या वर्षापासून वडिलांच्या दुकानावर बसू लागले. तिथे आपण कोणाला भाव कमीजास्त सांगितला नाही आणि वजनात मारले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. सोळा वर्षे पुरी झाल्यावर तीन दिवसांत त्यांनी ‘मोक्षमाळा’ हा १०८ पाठांचा ग्रंथ लिहिला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्याच सुमारास, १८८४ साली, त्यांचे ‘स्त्रीनीतिबोधक’ हे गाण्यांचे पुस्तक निघाले. बायकांनी शिकावे, मुलींची लग्ने लहानपणी उरकू नयेत, हे या सतरा वर्षांच्या मुलाने गरब्यांतून सांगितले. बायकांना उपदेश करणारे उदंड आहेत. पण त्यांनी फेर धरून गावे अशा चालीत लिहून देणारा विरळा.

१८८७ च्या आरंभी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग केला. अवधान म्हणजे अनेक गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरणे. पत्ते, बुद्धिबळ, गणिते, घंटेचे टोले, परक्या भाषांतील उलटसुलट केलेले शब्द, दिलेल्या विषयावर कविता, अशी शंभर अवधाने त्यांनी सांभाळली. मुंबईचे सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी त्यांना युरोपात जाऊन हे प्रयोग करण्यास सुचवले. पैसा आणि कीर्ती दारात उभी होती. त्यांनी नकार दिला, आणि थोड्याच दिवसांत हे जाहीर प्रयोग कायमचे बंद केले. लोकांच्या टाळ्या आत्म्याच्या वाटेत आडव्या येतात, असे त्यांना वाटू लागले होते. संयमाविषयी आपण पुष्कळ ऐकतो, तो बहुधा खाण्यापिण्याचा असतो. स्वतःला जे उत्तम येते आणि ज्यासाठी लोक वाहवा करतात, तेच विसाव्या वर्षी सोडून द्यायचे, हा संयम मला उपवासापेक्षा अवघड वाटतो.

१८८८ साली त्यांचे झबकबाईंशी लग्न झाले. झबकबाई म्हणजे गांधीजींचे स्नेही डॉ. प्राणजीवन मेहता यांची पुतणी. मेहतांचेच बंधू रेवाशंकर जगजीवन यांच्या मुंबईच्या पेढीत रायचंदभाई भागीदार झाले. १८९१ च्या जुलैत गांधीजी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले, ते मेहतांच्या घरी उतरले, आणि तिथेच दोघांची गाठ पडली. गांधी तेव्हा बावीसच्या आतले, रायचंदभाई त्यांच्याहून दोनच वर्षांनी वडील. गांधीजींनी आपल्या जवळचे सारे परभाषांतले शब्द वाचून दाखवले; रायचंदभाईंनी ते त्याच क्रमाने परत म्हटले. गांधीजी चकित झाले, पण मोहून गेले ते दुसऱ्याच गोष्टीने. साधे धोतर, अंगरखा, डोक्याला फेटा अशा वेषातला हा माणूस गादीवर बसून लाखांचे सौदे करी. शेजारी एखादे धर्माचे पुस्तक आणि वही ठेवलेली असे. सौदा संपला की पुस्तक नाही तर वही उघडे, आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा तितक्याच लक्षाने मोती पारखी. धर्म देवळापुरता नि पर्युषणापुरता आणि दुकानात मात्र दुकानाचे कायदे, ही वाटणी त्यांना मान्यच नव्हती.

एका व्यापाऱ्याने त्यांना ठरल्या भावाने हिरे देण्याचा करार केला होता. पुढे भाव इतका चढला की करार पाळला तर तो व्यापारी देशोधडीला लागला असता. रायचंदभाई आपण होऊन त्याच्याकडे गेले आणि करारपत्र फाडून टाकले, अशी गोष्ट सांगतात. किडामुंगी वाचवणारे हात वहीत दुसऱ्याचा गळा कापायला कचरत नाहीत, हे आपण बाजारात पाहतोच. त्यांनी अहिंसा वहीपर्यंत नेली.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर ख्रिस्ती आणि मुसलमान मित्रांशी त्यांच्या धर्मचर्चा होऊ लागल्या आणि मन डळमळले. १८९४ साली त्यांनी रायचंदभाईंना सत्तावीस प्रश्न लिहून पाठवले. आत्मा काय, ईश्वर काय, मोक्ष काय, असे एकेक करीत शेवटचा प्रश्न होता : साप चावायला आला तर त्याला चावू द्यावे की मारावे? रायचंदभाईंनी उत्तर दिले की देह नाशवंत आहे हे ज्याला कळले, त्याने त्या देहासाठी, स्वतःच्या देहावर तितकेच प्रेम असलेल्या जिवाला मारणे कसे योग्य ठरेल? आत्महित हवे असेल त्याने तिथे देह सोडावा. मात्र ज्याला ती इच्छाच नाही त्याला असा उपदेश मी कसा करू, असेही त्यांनी पुढे म्हटले. हे वाचताना मला अमीचंद आठवले. ज्याच्या आवडत्या माणसाला सापाने नेले, त्याच मुलाने मोठेपणी हे उत्तर लिहिले. पुस्तकात वाचून दिलेले उत्तर आणि चिता पाहून दिलेले उत्तर यांत अंतर असते. आणि या उत्तरात सक्ती नाही. ज्याची जेवढी तयारी तेवढेच त्याच्याकडून मागितले आहे. मुलाबाळांच्या घरात साप निघाला तर आपण काय करू हे आपल्याला माहीत आहे. त्याबद्दल त्यांनी आपल्याला दोष दिला नसता, असे वाटते.

गांधीजींनी एकदा इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या पत्नीची त्यांच्यापाशी वाखाणणी केली. ती बाई पार्लमेंटातसुद्धा नवऱ्याचा चहा स्वतः करून देई. रायचंदभाईंनी विचारले की हीच सेवा तिने बहीण म्हणून किंवा नोकर म्हणून केली असती, तर तुम्हाला तिचे एवढे कौतुक वाटले असते का? गांधीजींना ते बोलणे प्रथम कठोर वाटले, पण मनात घर करून राहिले आणि पुढे त्यांच्या ब्रह्मचर्याच्या विचाराला कारण झाले. आपल्यातल्या चहा करणाऱ्या मात्र विचारतील की झबकबाईंना काय वाटत होते? नवऱ्याचे मन दिवसेंदिवस विरक्त होत चाललेले, पदरात चार मुले, आणि घर तर चालवायचेच. चरित्रांतून त्यांच्याविषयी फार थोडे हाती लागते. ही उणीव मला सलते. पेढीवर बसून वैराग्य साधता येते ते घरची चूल कोणीतरी पेटती ठेवते म्हणून.

१८९६ च्या शरदात नडियादला एका संध्याकाळी ते लिहायला बसले. खंभातचे अंबालाल हातात कंदील धरून उभे राहिले. दोन तासांच्या आत १४२ पद्यांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ पुरे झाले. तोवर अंबालाल कंदील घेऊन तसेच उभे होते. आत्मा आहे, तो नित्य आहे, तो कर्माचा कर्ता आहे, भोक्ता आहे, मोक्ष आहे आणि मोक्षाचा उपाय आहे, या सहा गोष्टी त्यात गुरुशिष्यांच्या संवादातून, साध्या गुजरातीत सांगितल्या आहेत. शिष्य एकेक शंका काढतो, गुरू न रागावता ती फेडतो. त्याच्या चारच प्रती काढून चौघांना दिल्या होत्या.

पुढे पेढीतून ते मोकळे होत गेले, ईडरच्या डोंगरात मुनींबरोबर राहिले. सर्वसंगपरित्याग करून दीक्षा घ्यावी ही ओढ होती. पण शरीराने साथ सोडली. अंग झिजत गेले, हवापालटासाठी गावे बदलली. गांधीजी तेव्हा आफ्रिकेतच होते. त्यांनी पुढे लिहिले की रायचंदभाईंचा आपल्यावर फार मोठा प्रभाव पडला, तरी गुरूच्या आसनावर आपण त्यांना बसवू शकलो नाही. ते आसन रिकामेच राहिले.

९ एप्रिल १९०१ रोजी दुपारी राजकोटला त्यांनी देह ठेवला. वय अवघे तेहतीस. जाण्यापूर्वी धाकट्या भावाला, मनसुखला, जवळ बोलावून त्यांनी सांगितले की आता मी आत्मस्वरूपात लीन होतो, आईला जप.