यान फिलिप रोथान : एकांतसाधनेचे पुनरुज्जीवक

यान फिलिप रोथान यांचा जन्म १७८५ साली ॲमस्टरडॅम येथे झाला. त्यापूर्वी बारा वर्षे, १७७३ मध्ये, पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघ विसर्जित केला होता. रशियन साम्राज्यात मात्र ही आज्ञा अमलात आली नाही. म्हणून रोथान १८०४ साली तेथे जाऊन संघात दाखल झाले. १८१४ मध्ये संघाची पुनःस्थापना झाली आणि १८२९ मध्ये ते त्याचे सर्वाधिकारी झाले.

संघ पुन्हा उभा राहिला, तरी त्याचा प्राण असलेली एकांतसाधना पूर्ववत झाली नव्हती. संत इग्नेशियस लोयोला यांनी आखलेली ही सुमारे तीस दिवसांची मौनसाधना आहे. मार्गदर्शक चिंतनाचे मुद्दे थोडक्यात देतो; चिंतन साधकाने स्वतःच करावयाचे असते. अशी विद्या अनुभवी व्यक्तीकडूनच पुढे जाते आणि तीच परंपरा चार दशकांत खंडित झाली होती.

रोथान यांनी १८३४ मध्ये संघाला पत्र लिहून या साधनेच्या अभ्यासाकडे लक्ष वेधले. ते स्वतः मूळ स्पॅनिश संहितेकडे वळले. १५४८ पासूनचे प्रचलित लॅटिन भाषांतर शैलीदार होते. रोथान यांनी १८३५ मध्ये शब्दशः लॅटिन भाषांतर टिपांसह प्रसिद्ध केले. हा ग्रंथ वाचण्यासाठी नसून आचरण्यासाठी आहे. त्यातील प्रत्येक शब्द ही सूचना असल्यामुळे भाषेच्या सौंदर्यापेक्षा अचूकतेला त्यांनी अधिक मोल दिले.

१८५३ मध्ये रोम येथे त्यांचे निधन झाले. खंडित परंपरा सावरताना मूळ संहितेचा आधार किती मोलाचा ठरतो, हे त्यांच्या कार्यातून स्पष्ट होते.